अस्वल्याचे सात चट्टे

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाइकं माझ्यामागे मला ‘तुरटी’ म्हणतात. आप्पांना हे नाव आवडायचं. झोंबते खरी, पण रक्त थांबवते, असं ते म्हणायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. केस कापायचं दुकान मुळात त्यांचं. दोन खुर्च्या, समोर लांबलचक आरसा, वर राहायच्या दोन खोल्या आणि त्यांच्यावर गच्ची. खिडकीजवळची खुर्ची त्यांची, आतली माझी. धाकट्या बहिणीने लग्न करून गावाबाहेर घर थाटलं. मी त्या भानगडीत पडले नाही. वस्तरा चालवणाऱ्या बाईला मागणी घालायची कुणाची छाती झाली नाही, असं मी गमतीने सांगते.

आप्पांचा उजवा हात गेल्या वर्षी थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग कंगव्यात. आम्ही दोघंही न पाहिल्यासारखं करत होतो. मग एका सकाळी, दुकान भरलेलं असताना, हेडमास्तरांच्या कानामागची रेघ काढताना त्यांनी कानाची पाळी कापली. जखम लहानशीच होती. आप्पा म्हणाले, “हलू नका, मास्तर.”

मास्तर दगडासारखे बसले होते. तीस वर्षं त्यांची मान आप्पाच करत आले होते, कसं बसायचं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. बाकावर चार माणसं वाट बघत होती. आणि माझ्या जिभेला हाड नाही. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “आप्पा, ते हलत नाहीयेत. तुमचा हात हलतोय.”

आप्पांनी वस्तरा पुसला, मिटला आणि माझ्यासमोर ठेवला. मास्तरांची राहिलेली अर्धी मान मी केली.

त्या संध्याकाळी जेवताना ते म्हणाले की मला तीन महिने दे, मी हात परत आणतो, नाही आणला तर ती खुर्चीही तुझीच. लहान मुलाला ‘हो’ म्हणावं तसं मी ‘हो’ म्हटलं. डॉक्टरांनी मुठीत दाबायला रबरी चेंडू सांगितला होता, तो आणून दिला. आप्पांनी दोन दिवस तो दाबला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “हाताला काम पाहिजे, चेंडू काय करायचाय.” आणि दुकानात येऊन बाकावर बसायला लागले. कुणाला कसे केस लागतात, कुणाच्या टाळूवर भोवरा आहे, कुणाचा डावा कल्ला उजव्यापेक्षा वर आहे, ते तिथून मला सांगायचे. मला माहीत असलेलंही सांगायचे. मी हूं हूं करायचे.

मग एक दिवस दूधवाल्याकडून ते पिल्लू घेऊन आले. चार-पाच महिन्यांचं, काळं, अंगभर दाट केस, चालताना स्वतःच्याच पायात अडकणारं. मी म्हटलं, “रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली गत.” आप्पा हसले. आमच्या धंद्यावरची ही म्हण आम्हीच एकमेकांना ऐकवायची, ही घरची जुनी रीत. पिल्लाचं नाव त्यांनी अस्वल्या ठेवलं आणि रबरी चेंडू त्याला देऊन टाकला.

महिन्याभराने अस्वल्याच्या मानेवर पहिला चट्टा दिसला. बोटाएवढा, वेडावाकडा, आतली फिकी कातडी दिसत होती. मला वाटलं, पट्टा घासत असेल. पट्टा काढला. पुढच्या आठवड्यात मांडीवर दुसरा. तिथे पट्टा कुठून जाणार? मग पिसवांवर संशय घेतला. बारीक फणीने सगळं अंग विंचरलं. एक पिसू मिळेल तर शपथ. बहिणीने फोनवर सांगितलं की खाणं सोसत नसेल, तर खाणं बदललं. कुणी म्हणालं, कोवळी कुत्री कंटाळली की एकाच जागी चाटत बसतात आणि केस जातात. म्हणून त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकची मोठी गोल झालर अडकवली, म्हणजे तोंड अंगापर्यंत पोहोचू नये. ती घालून तो दोन दिवस सगळ्या दारांना धडकत फिरला. तिसरा चट्टा नेमका झालरीच्या आत, मानेवरच आला.

मी पद्धतशीर बाई आहे. दर सुट्टीच्या दिवशी मी त्याला उजेडात उभं करून चट्ट्याचा फोटो काढायचे, म्हणजे आजार वाढतोय की घटतोय ते कळावं. एकदा गच्ची धुताना पाण्याच्या टाकीमागे काळ्या केसांचा झुपका सापडला. तोही पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवली. वीस वर्षं मी रोज केसांचा ढीग झाडते. तो झुपका मी चिमटीत धरला, पाकिटात घातला, आणि मला काही दिसलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

चौथ्या चट्ट्यावर बारीक खपली होती. पाचव्यावर बोट फिरवलं तर बोटाला पांढरं लागलं. पांढरा कोंडा, गोलसर वाटावी अशी जागा, मध्ये केस नाहीत. गजकर्ण.

आमच्या धंद्यात या शब्दाला किती भितात ते बाहेरच्याला कळायचं नाही. मागच्या गल्लीत एक दुकान होतं, आमच्यापेक्षा मोठं. त्याने मशीन नीट साफ केलं नाही आणि शाळेतली तीन पोरं डोक्यावर गोल चट्टे घेऊन घरी गेली. सहा महिन्यांत पाटी उतरली. तो माणूस आता चाव्या बनवतो. गजकर्ण कुत्र्याकडून माणसाला होतं, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. आणि आमचा कुत्रा दिवसभर आप्पांच्या मांडीवर, आणि आप्पा दुकानाच्या बाकावर.

जनावरांची डॉक्टर रस्त्याच्या टोकालाच बसते. दर महिन्याला माझ्याकडे केस कापून घेते. पण तिच्याकडे गेलं की बाहेरच्या बाकावर बसावं लागतं, आणि त्या बाकावर जो बसेल त्याची बातमी संध्याकाळच्या आत गावभर होते. म्हणून मी गेले नाही. औषधांच्या दुकानातून मलम आणलं, साबण आणला. अस्वल्याला एक दिवसाआड रगडून अंघोळ घातली. बिचारा थंडीने कुडकुडायचा आणि सुटला की धावत गच्चीवर, आप्पांकडे. आणि आप्पांना मी सांगितलं की कुत्र्याला लागलेले हात दुकानात नकोत. कुत्रा बरा होईपर्यंत खाली यायचं नाही.

त्यांनी विचारलं, बाकावरही नको का? मी म्हटलं, बाकावरही नको.

ते आले नाहीत. त्यांचा चष्मा आणि पेपर मी वर नेऊन दिला. गिऱ्हाइकांना सांगितलं की आप्पा आराम करतायत. दुपारभर आप्पा आणि अस्वल्या गच्चीवर असायचे, टाकीमागच्या सावलीत. मला खाली आवाज यायचा तो फक्त आप्पांच्या बोलण्याचा. बाजारातले भाव, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं, असलं काहीबाही. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं ते कुत्र्याशी बोलत होते. मला वाटलं, एकटे पडलेत म्हणून बरळतात. थोडं वाईटही वाटलं. पण त्या आठवड्यात सहावा चट्टा आला, आणि पाठोपाठ सातवा.

सातव्या चट्ट्याचा फोटो काढला आणि बहिणीला फोन केला. तिच्याकडे अंगण आहे, गिऱ्हाइकांची ये-जा नाही. ती म्हणाली, उद्या सकाळी गाडी घेऊन येते. हे मी आप्पांना जेवताना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

“त्याला आजार नाही,” ते म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत?”

“मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे, ते तरी सांगा.”

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो टेबलाखाली घेतला. “अजून दोन आठवडे थांब, पोरी. मग तूच बघशील.”

“दोन आठवड्यांत दुकानाला कुलूप लागेल. मग काय बघू?”

त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मला ते तेव्हाही दिसलं होतं, म्हणून तर आज झोप लागत नाही. ओठ हलले, पण शब्द यायला वेळ लागत होता. मी त्यांना तेवढा वेळ दिला नाही, ताटं उचलली. सकाळी बहीण आली. अस्वल्या गाडीत बसायला तयार नव्हता, त्याला उचलून घालावं लागलं. आप्पा खाली उतरले नाहीत.

कुत्रा गेल्यावर मी म्हटलं, आता खाली या, बाक मोकळा आहे. ते दोनदा आले. गिऱ्हाइकांना नमस्कार केला आणि गप्प बसले. कुणाच्या भोवऱ्याबद्दल बोलले नाहीत की कल्ल्याबद्दल नाही. मग यायचेच थांबले. महिन्याभरात कप दोन्ही हातांनी धरायला लागले. मग चमच्यातलं सांडायला लागलं. मी मनात म्हटलं, वय झालं. तीन महिन्यांची मुदत कधीच उलटून गेली होती. त्यांनी विषय काढला नाही, आणि मला तर आठवतही नव्हता. खिडकीजवळच्या खुर्चीवर मी धुतलेले टॉवेल ठेवायला लागले.

दहा आठवड्यांनी बहिणीचा फोन आला. अस्वल्याच्या अंगावर एकही चट्टा उरला नव्हता, उलट तो पहिल्यापेक्षा दाट झाला होता. औषध काही लावलं नव्हतं. पण तो दिवसभर फाटकाशी बसून राहतो, धड खात नाही, तर त्याला घेऊन जा, असं तिचं म्हणणं. मला आतून बरं वाटलं, आणि मी खरी ठरले याचा थोडा तोराही चढला. तरी म्हटलं, डॉक्टरची खात्री झाल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. सुट्टीच्या दिवशी बहिणीने त्याला थेट दवाखान्यात आणून सोडलं. मी मोबाइलमधले फोटो आणि ते पाकीट घेऊन गेले. बरा झालेला कुत्रा घेऊन बाकावर बसायला मला लाज नव्हती.

डॉक्टरने त्याला नाकापासून शेपटीपर्यंत तपासलं. मग एकेक फोटो मोठा करून पाहिला. तिने मला समजावून सांगितलं की एवढ्या कोवळ्या कुत्र्याचे केस असे जागोजागी गेले तर तिचं लक्ष आधी बारीक किड्यांकडे जातं. ते डोळ्याला दिसत नाहीत, आईच्या अंगावरूनच पिल्लाकडे आलेले असतात आणि बहुतेक वेळा डोळ्यांभोवती किंवा पुढच्या पायांवर आधी दिसतात. पिसवांचं असतं तर शेपटीच्या मुळाशी असतं. चाटून गेले असते तर उरलेले केस लाळेने तांबूस पडले असते. गजकर्णाची कड लाल आणि खरबरीत असते. “हे यातलं काहीच वाटत नाही,” ती म्हणाली आणि पाकीट उघडलं. दोन-चार केस काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“तुम्हाला हे मी सांगावं म्हणजे कमालच,” ती म्हणाली. “गळलेल्या केसाला मूळ असतं. यातल्या एकालाही नाही. टोकं बघा. हे कापलेले केस आहेत.”

मी पाहिलं. पहिल्याच नजरेत कळलं. मला नाही कळणार तर कुणाला?

“घरात कात्री वगैरे कुणाच्या हातात असते?” तिने विचारलं.

मी हसले. म्हटलं, आमच्या घरात दुसरं असतं काय? आणि बोलता बोलता माझं हसू तोंडातच राहिलं.

बाहेर येऊन मी त्या बाकावर बसले. अस्वल्या पायाशी. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. मी सातही फोटो ओळीने पाहिले. पहिला चट्टा म्हणजे नुसती ओरबड होती, कुठे केस खोल गेलेले, कुठे तसेच उभे. दुसराही तसाच. तिसऱ्याची एक कड जरा सरळ होती. चौथ्यात कातडीला धार लागली होती, ती खपली. पाचव्याची वरची रेघ सरळ, खालची सुटलेली. त्याच्यावरचं पांढरं म्हणजे कोंडा नव्हता, पावडर होती. आमच्याच दुकानातली. काम झाल्यावर मानेवर ब्रशने पावडर मारल्याशिवाय आप्पांनी आयुष्यात गिऱ्हाईक उठवलं नाही, मग ते कुत्रं का असेना. ती पावडर मी रोज शंभरदा हातात घेते, आणि त्या दिवशी माझ्या बोटाला लागली तर मला गजकर्ण दिसलं. साप साप म्हणून भुई धोपटत बसले.

सातवा फोटो मी किती वेळ पाहिला ते सांगता येणार नाही. अस्वल्याच्या कानामागून मानेपर्यंत केस कमी कमी होत गेले होते. कुठे पायरी नाही, कुठे खाच नाही, कुठून लहान व्हायला लागले ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. आमच्यात त्याला उतार म्हणतात. तसा उतार या गावात एकच माणूस काढायचा. मला अजून जमत नाही. आजार वाढतोय म्हणून मी दर आठवड्याला ज्याचा फोटो काढत होते, तो आप्पांचा हात होता आणि तो परत येत होता.

घरी पोहोचताच अस्वल्याने हातातली दोरी ओढली आणि मला घेऊन थेट गच्चीवर गेला. टाकीमागे एक बुटकं स्टूल होतं. शेजारी विटेवर पावडरचा डबा, तुरटीचा खडा, कंगवा, आणि फडक्यात गुंडाळलेलं जुनं हातमशीन. विजेचं नव्हे, मूठ दाबून चालवायचं, आप्पांच्या उस्तादांनी त्यांना दिलेलं. म्हणून खाली कधी आवाज आला नाही. अस्वल्या स्टुलाकडे पाठ करून बसला आणि मान खाली घालून वाट बघत राहिला. शहाण्या गिऱ्हाइकासारखा. मी फडकं सोडलं. मशीनच्या दातांवर गंज चढला होता.

आप्पा जिना चढून आले तेव्हा मी तिथेच होते. कुत्र्याने त्यांना जवळजवळ पाडलंच. ते स्टुलावर बसले, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. उजवा हात त्या काळ्या केसांत थरथरत होता. मग त्यांनी माझ्या हातातलं मशीन पाहिलं.

“दोन आठवडे राहिले होते,” ते म्हणाले. “मग मास्तरांना बोलावणार होतो.”

“मला सांगितलं का नाही, आप्पा?”

ते थोडा वेळ अस्वल्याचे कान चोळत राहिले. या वेळी मी थांबले. त्यांना लागेल तेवढा वेळ थांबले.

“सांगितलं असतं, तर तू बघायला आली असतीस,” ते म्हणाले. “तू बघत असलीस की जास्त हलतो.”

मला रडू आलं. मी सहसा रडत नाही. गच्चीच्या नळावर मशीन धुतलं, फडक्याने कोरडं केलं, खालून तेल आणून दातांना लावलं आणि चारदा दाबून पाहिलं. करकरत होतं, पण चालत होतं. मग अंबाडा वर घट्ट बांधला, त्यांच्यापुढे जमिनीवर बसले, अस्वल्या बसतो तशी, पाठ करून.

“मानेवरचे केस वाढलेत,” मी म्हटलं.

“आता दाबवत नाही गं.”

“दाबवेल तेवढं दाबा.”

बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांचा डावा तळवा माझ्या डोक्यावर आला आणि त्याने माझी मान हवी तशी पुढे झुकवली. लहानपणी माझे केस कापताना झुकवायचे तशीच. मशीन मानेला लागलं. गार लागलं. ते तिथे टेकून राहिलं आणि थरथरत राहिलं, दात मिटेनात. एकदा मिटले, केस अर्धवट कापला गेला आणि ओढला गेला. मी श्वास धरून बसले होते.

“हलू नको,” आप्पा म्हणाले.

“चुकलं, आप्पा,” मी म्हटलं. “आता नाही हलत.”